उंचीच्या आकड्यांपासून छायांकित उठाव : बोलींच्या नकाशाची पार्श्वभूमी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• उंचीच्या आकड्यांपासून डोंगर-दऱ्यांची छाया संगणकावर कशी तयार होते, हे सांगता येईल;
• क्यूजीआयएस या मुक्त नकाशाप्रणालीत छायांकित उठाव तयार करता येईल;
• प्रकाशाची दिशा व उंचीची अतिशयोक्ती यांमुळे नकाशाचा अर्थ कसा बदलतो, हे स्पष्ट करता येईल;
• बोलींच्या नकाशात भूरूपाचा उपयोग करताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे ठरविता येईल.

१. प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासक्रमात डोंगरांच्या छायेचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. 'देश', 'मावळ', 'कोकण', 'घाटावर', 'घाटाखाली', 'खलाटी', 'वलाटी' हे शब्द आपण प्रदेशांची नावे म्हणून सहज वापरतो. वस्तुतः ती भूमीच्या चढउतारांना दिलेली नावे आहेत. खलाटी म्हणजे कोकणातील समुद्रालगतचा सखल पट्टा, वलाटी म्हणजे त्याच्या वरचा, सह्याद्रीकडे चढत जाणारा पट्टा. मावळ म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेस उतरणारी खोरी. संगणक येण्यापूर्वी कित्येक शतके मराठी माणसाने आपल्या प्रदेशाचा उठाव शब्दांत नोंदवून ठेवला होता.

बोलींचा अभ्यास करणाऱ्यांनाही नकाशाची गरज फार पूर्वीपासून भासली. जर्मनीत गेओर्ग वेंकर यांनी १८७६ पासून शाळाशिक्षकांकडे वाक्यांच्या याद्या पाठवून बोलींचे नकाशे रचण्यास आरंभ केला. फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध झाला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मधील आहे. अशा नकाशांवर एक विशेष रेषा काढली जाते. तिच्या एका बाजूस एक भाषिक रूप आढळते व दुसऱ्या बाजूस दुसरे. या घटकात तिला आपण समभाषारेषा म्हणू. ही रेषा डोंगरामुळे पडली की अन्य कारणाने, हा प्रश्न पुढे येताच नकाशात डोंगर दाखविणे आवश्यक होते.

डोंगर दाखविण्याची आज सर्वाधिक रूढ पद्धत म्हणजे छायांकित उठाव. भूप्रदेशावर एका बाजूने प्रकाश पडला आहे अशी कल्पना करून उजळ व गडद छटांनी चढउतार दाखविणे, असे तिचे स्वरूप आहे. ती शिकणे अवघड नाही. परंतु ती छायाचित्रासारखी भासते आणि त्यामुळे वाचक तिच्यावर शंका न घेता विश्वास ठेवतो. म्हणून कृतीबरोबरच तिच्यामागील निर्णयही समजून घेणे आवश्यक ठरते.

२. उंचीचे आकडे कोठून येतात?

पूर्वी उंची मोजण्यासाठी सर्वेक्षकाला शिखरोशिखरी थिओडोलाइट हे कोनमापक यंत्र न्यावे लागे. भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केले. ते काम करीत असतानाच १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. आज आपण वापरतो त्या आकड्यांची कथा याहून वेगळी आहे. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने उत्तर अक्षांश ६० ते दक्षिण अक्षांश ५६ यांदरम्यानच्या भूपृष्ठाची उंची मोजली. हे आकडे 'एसआरटीएम' या संक्षिप्त नावाने ओळखले जातात व ते विनामूल्य मिळतात. भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहापासून तयार केलेली उंचीची माहितीही 'भुवन' या संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

या माहितीला अंकीय उंची-प्रतिमान म्हणतात. एक प्रचंड चौकटींची वही डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक चौकट जमिनीवरील सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीचा तुकडा दर्शविते आणि तिच्यात एकच आकडा असतो : त्या तुकड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. या वहीत कळसूबाईचे शिखर १६४६ मीटरांच्या आसपासच्या आकड्यांनी दिसेल आणि अलिबागचा किनारा शून्याजवळच्या आकड्यांनी. डोंगर, नदी, गाव हे शब्द त्या वहीत कोठेही नाहीत.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रडारला दाट वनात बहुधा झाडांचे शेंडे दिसतात, त्यांखालील जमीन नव्हे. तसेच कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या जागी प्रतिमानात केवळ एक सपाट पृष्ठ आढळते. पाण्याखाली गेलेली दरी त्यात नाही, आणि त्या दरीतून उठून अन्य जिल्ह्यांत वसलेल्या माणसांची बोली तर नाहीच नाही.

३. छाया कशी मोजली जाते?

शेजारच्या चौकटींतील आकड्यांची तुलना करून संगणक प्रत्येक चौकटीविषयी दोन गोष्टी काढतो : जमीन किती कललेली आहे, म्हणजे उतार, आणि ती कोणत्या दिशेला कललेली आहे, म्हणजे उतारदिशा. त्यानंतर काल्पनिक सूर्याचे स्थान आपण ठरवितो. त्यासाठीही दोनच आकडे लागतात. सूर्य कोणत्या दिशेला आहे हे दिगंश सांगतो. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८० व पश्चिम २७० अंश. सूर्य क्षितिजापासून किती वर आहे हे उन्नतांश सांगतो.

आता उतारावर लंबरूप उभी केलेली एक काठी कल्पावी. काठी सूर्याकडे जितकी रोखलेली, तितका तो उतार उजळ. ती जितकी सूर्यापासून दूर वळलेली, तितका गडद. काठी व प्रकाशकिरण यांमधील कोनाचे कोसाइन काढून त्यास २५५ ने गुणले की त्या चौकटीची छटा मिळते. ० म्हणजे पूर्ण काळा रंग व २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. सूर्य वायव्येस, म्हणजे ३१५ अंशांवर, आणि उन्नतांश ४५ अंश असताना छटा पुढीलप्रमाणे येतात :

सपाट जमीन : १८०
वायव्येकडे ३० अंश उतरणारी जमीन : २४६
आग्नेयेकडे ३० अंश उतरणारी जमीन : ६६
ईशान्येकडे अथवा नैर्ऋत्येकडे ३० अंश उतरणारी जमीन : १५६

या चार ओळी आपण पुन्हा एकदा पाहाव्यात. शेवटच्या ओळीतून एक महत्त्वाची अडचण उद्भवते. तिचा विचार पाचव्या भागात येईल.

४. प्रत्यक्ष कृती

(अ) जोडणी : उंचीची माहिती एकेका अंशाच्या चौकोनी तुकड्यांत मिळते. आवश्यक तुकडे उतरवून घ्यावेत आणि 'रास्टर' यादीतील 'मर्ज' या आज्ञेने एकत्र जोडावेत.

(आ) प्रक्षेपण : मूळ माहितीत उंची मीटरमध्ये, परंतु आडवे अंतर अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असते. ती तशीच वापरल्यास संगणक अंशालाच मीटर समजण्याचा धोका असतो. मग ३० मीटरांची चौकट त्याला ०.०००२८ एवढीच रुंद वाटते, प्रत्येक उंचवटा उभा कडा ठरतो आणि नकाशा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. म्हणून 'वार्प' या आज्ञेने माहिती मीटरवर आधारलेल्या प्रक्षेपणात आणावी. पश्चिम महाराष्ट्र यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. ७८ रेखांशाच्या पूर्वेस, म्हणजे नागपूरकडे, ४४ उत्तर हा पट्टा लागतो.

(इ) चौकटींचा आकार : याच आज्ञेत नव्या चौकटींचे मूल्य कसे काढावे हे विचारले जाते. तेथे 'निअरेस्ट नेबर' हा पर्याय ठेवल्यास छायेत आडव्या-उभ्या रेघा उमटतात. त्याऐवजी 'बायलिनिअर' निवडावा. संपूर्ण राज्याचा नकाशा लहान प्रमाणावर छापायचा असेल, तर ३० मीटरांचा तपशील डोळ्यांना केवळ खरखरीत वाटतो. अशा वेळी 'अ‍ॅव्हरेज' पर्यायाने चौकट २०० ते ३०० मीटरांची करावी.

(ई) छायांकन : 'रास्टर', 'अ‍ॅनालिसिस', 'हिलशेड' या क्रमाने जावे. दिगंश ३१५, उन्नतांश ४५ व उंचीचा गुणक १ घेऊन प्रथम एक प्रत तयार करावी. ही तुलनेसाठीची प्रत असून अंतिम नकाशा नव्हे.

(उ) थर रचणे : सर्वांत खाली फिकट केलेली छाया, तिच्यावर आवश्यक असल्यास उंचीनुसार रंग, त्यावर नद्या व गावे आणि सर्वांत वर भाषिक माहिती असावी. रंगाच्या थरास 'मल्टिप्लाय' हा मिश्रणप्रकार दिल्यास खालची छाया त्यातून दिसते. छाया इतकी फिकट असावी की गावाचे नाव वाचताना डोळ्यांना त्रास होऊ नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. सपाट जमिनीची छटा पांढरी न येता १८० का येते?
२. प्रक्षेपण न बदलता छायांकन केल्यास नकाशा बिघडण्याचे कारण काय?

५. प्रकाशाची दिशा : पहिला निर्णय

नकाशातील सूर्य वायव्येस ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु ४५ अंश उन्नतांशावर असताना सूर्य महाराष्ट्रात वर्षातील एकाही दिवशी वायव्येस नसतो. मग हा खोटा सूर्य कशासाठी? कारण प्रकाश वरून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो. कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे उत्तर वर असलेल्या नकाशात वायव्येकडून, प्रकाश आला तर दरी दरीसारखी व डोंगर डोंगरासारखा दिसतो. प्रकाश आग्नेयेकडून आणल्यास अनेक वाचकांना कृष्णेचे खोरे लांबलचक डोंगररांगेसारखे भासू लागते. निसर्गाशी प्रामाणिक असलेला सूर्य येथे वाचकाची दिशाभूल करतो.

परंतु वायव्येचा सूर्यही निर्दोष नाही. हरिश्चंद्र–बालाघाट ही रांग साधारणतः वायव्येकडून आग्नेयेकडे पसरली आहे. तिचे दोन्ही उतार ईशान्येस व नैर्ऋत्येस येतात. तिसऱ्या भागातील शेवटची ओळ आठवावी : या दोन्ही दिशांच्या उतारांना सारखीच छटा मिळते. उजळ बाजू व गडद बाजू असा भेद न राहिल्यामुळे गोदावरी व भीमा यांची खोरी वेगळी करणारी ही रांग नकाशात फिकी पडते. सह्याद्रीचे असे होत नाही. तो दक्षिणोत्तर असल्यामुळे त्याचा पश्चिमेकडील कडा या प्रकाशात उजळ पट्ट्यासारखा दिसतो. सूर्य ईशान्येस नेला तर तोच कडा काळ्या भिंतीसारखा उभा राहतो. भूमी तीच, आकडे तेच. केवळ एक दिगंश बदलला.

हाताने छायांकन करणारे नकाशाकार ही अडचण ओळखून होते. स्विस नकाशाकार एडुआर्ट इमहोफ (१८९५–१९८६) डोंगररांगेच्या रोखानुसार प्रकाशाची दिशा ठिकठिकाणी किंचित वळवीत असत. १९६० च्या दशकात पिन्हास योएली यांनी छायांकनाचे गणित संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न केले. त्यातून काम वेगाने होऊ लागले, परंतु दिशा एकच राहिली. क्यूजीआयएसमधील 'मल्टिडायरेक्शनल' हा पर्याय अनेक दिशांच्या प्रकाशांचा मेळ घालतो. महाराष्ट्राच्या नकाशासाठी, जेथे सह्याद्री एका रोखाने व बालाघाट दुसऱ्या रोखाने जातो, हा पर्याय अवश्य वापरून पाहावा.

६. उंचीची अतिशयोक्ती : दुसरा निर्णय

दख्खनचे पठार नकाशावर सपाट व नीरस दिसते. त्यास उठाव यावा म्हणून उंचीचा गुणक वाढविण्याचा मोह होतो. गुणक ५ केला की प्रत्येक उंची पाचपट धरली जाते आणि माळावरील टेकाडही डोंगरासारखे उभे राहते. साहित्यातील अतिशयोक्ती वाचकाला अतिशयोक्ती म्हणून कळते. तो अलंकार आहे हे त्याला ठाऊक असते. नकाशातील अतिशयोक्ती मात्र वस्तुस्थितीच्या वेषात येते.

या मोहाला मी स्वतः बळी पडलो आहे. काही वर्षांपूर्वी एका वर्गासाठी मी दक्षिण महाराष्ट्राच्या नकाशाच्या दोन प्रती तयार केल्या. दोहोंवर तीच गावे व तीच भाषिक रूपे होती : 'मला' की 'माका', 'कुठं' की 'खय'. एक प्रत कोरी होती. दुसरीवर पाचपट उंचावलेला उठाव होता. विद्यार्थ्यांना समभाषारेषा काढण्यास सांगितले. कोऱ्या प्रतीवरील रेषा वळणे घेत गावांमधून गेल्या. उठावाच्या प्रतीवर मात्र बहुतेकांनी रेषा सरळ घाटमाथ्यावरून ओढली व काही गावे चुकीच्या बाजूस गेली. कारण विचारले तेव्हा एकजण म्हणाला, "सर, मध्ये डोंगर आहे ना!" दोष त्याचा नव्हता. नकाशा मी काढला होता आणि प्रश्नाचे उत्तर मीच त्याच्या पार्श्वभूमीत लिहून ठेवले होते.

यासाठी गुणक शक्यतो १ ते २ यांदरम्यान ठेवावा आणि तो वाढविला असल्यास नकाशाच्या सूचीत तसे स्पष्ट नमूद करावे.

७. डोंगर आणि बोलीची सीमा

डोंगर बोलींना अलग करतात, हे विधान खोटे नाही. ते अपुरे आहे. तीन उदाहरणे पाहू.

पहिले चंदगडचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हा तालुका घाटावर आहे. डोंगर हीच सीमा मानली तर त्याची बोली निखळ देशी असावयास हवी. प्रत्यक्षात चंदगडी बोलीत कोकणीशी जवळीक सांगणाऱ्या खुणा आढळतात आणि कन्नडचा शेजारही जाणवतो. नकाशावरील कडा येथे माणसांच्या येण्याजाण्याला पुरेसा उभा नव्हता.

दुसरे उदाहरण 'ळ' या ध्वनीचे. वऱ्हाडीत व खानदेशातील लेवा गणबोलीत 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोया' असा होतो. छायांकित नकाशा पाहिला तर तापी व तिची उपनदी पूर्णा यांची खोरी सातपुडा व अजिंठा या रांगांमध्ये एका सलग सखल पट्ट्यासारखी दिसतात. हा बदल या पट्ट्यातून पसरला, असा निष्कर्ष काढण्याची इच्छा होते. परंतु हाच 'य' यवतमाळकडेही ऐकू येतो आणि तो प्रदेश वर्धा व पैनगंगा यांच्या खोऱ्यांतील आहे. उठावाने एक चांगला प्रश्न सुचविला. उत्तर मात्र दिले नाही.

तिसरे उदाहरण नाणेघाटाचे. जुन्नरला कोकणातील बंदरांशी जोडणाऱ्या या वाटेवरील लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख कोरलेला आहे. इसवी सनापूर्वीचा मानला जाणारा हा लेख डोंगराच्या मधोमध, माणसांच्या व मालाच्या रहदारीच्या मार्गावर उभा आहे. आता चौथ्या भागातील २०० ते ३०० मीटरांची चौकट आठवा. सरासरी काढताना सह्याद्रीची भिंत टिकते, पण नाणेघाटासारखी अरुंद खिंड तिच्यात बुजून जाते. जी फट भाषेच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची, तीच नकाशात नाहीशी होते. यावर उपाय साधा आहे : बोरघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांसारखे घाटमार्ग उठावावर स्वतंत्र रेषांनी दाखवावेत.

यावरून कामाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम गावोगावची रूपे कोऱ्या नकाशावर नोंदवावीत. त्यांच्याच आधारे समभाषारेषा काढावी. त्यानंतरच तिच्याखाली छायांकित उठाव ठेवावा आणि रेषा डोंगराला कोठे धरून जाते व कोठे सोडते, हे पाहावे. जेथे ती डोंगर सोडते, तेथे अभ्यासाला खरा विषय सापडतो. बाजार, सोयरीक, देवस्थान, जुनी राजवट, विस्थापन यांचा शोध तेथून सुरू होतो.

८. सारांश

छायांकित उठाव हा उंचीच्या आकड्यांवर काल्पनिक सूर्याचा प्रकाश टाकून मिळविलेला आलेख आहे. उतार, उतारदिशा, दिगंश व उन्नतांश यांवरून प्रत्येक चौकटीची छटा ठरते. प्रकाशाची दिशा, उंचीचा गुणक आणि चौकटीचा आकार हे तीन निर्णय नकाशाकार घेतो आणि त्या प्रत्येकामुळे काही दिसते, काही लपते. बोलींच्या नकाशात उठावाने साक्षीदार व्हावे, न्यायाधीश होऊ नये.

पारिभाषिक संज्ञा

उठाव : भूपृष्ठाचा चढउतार.
अंकीय उंची-प्रतिमान : चौकटीगणिक उंचीचे आकडे साठविलेली संगणकीय माहिती.
दिगंश : उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला प्रकाशाचा कोन.
उन्नतांश : क्षितिजापासून मोजलेली प्रकाशाची उंची.
समभाषारेषा : दोन भाषिक रूपांचे प्रदेश वेगळे दाखविणारी रेषा.

स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

१. सपाट जमिनीवरील लंबरूप काठी व ४५ अंश उन्नतांशावरील सूर्य यांत ४५ अंशांचा कोन असतो. त्याच्या कोसाइनला २५५ ने गुणले असता सुमारे १८० येतात.
२. उंची मीटरमध्ये व आडवे अंतर अंशांत असल्यामुळे संगणक सर्व उतार अवास्तव तीव्र मानतो.

सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या जिल्ह्याचा छायांकित उठाव ३१५ व ४५ अंश अशा दोन दिगंशांनी तयार करा. कोणती रांग कोणत्या प्रतीत ठळक झाली व कोणती फिकी पडली, ते दहा ओळींत लिहा.
२. 'नकाशातील अतिशयोक्ती व साहित्यातील अतिशयोक्ती' यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील वयस्कर व्यक्तींना भेटून माळ, सडा, खिंड, धार, टेकाड यांसारखे भूरूपवाचक शब्द नोंदवा. ते नेमक्या कोणत्या जागेसाठी वापरले जातात हे विचारा आणि त्या जागा आपल्या छायांकित नकाशावर दाखवा. नकाशात सपाट दिसणाऱ्या एखाद्या जागेला लोकांनी स्वतंत्र नाव दिलेले आढळल्यास ते आवर्जून नोंदवा. संगणकाच्या चौकटीतून निसटलेला तो चढउतार आपल्या बोलीने जपून ठेवलेला असेल.